कडेची नजर

११ जानेवारी

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा गाडी शहराबाहेर पडायच्या आत फस्त केला, त्यामुळे पुढचा सगळा प्रवास उपाशी. हसू नकोस.

शेजारच्या काकू मला टोमणा मारत होत्या, एवढा शिकलेला मुलगा, आईला एक फोन करायला काय होतं? त्यांना एकदा नीट समजावून सांग, म्हणजे मी सुटलो. आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आकाशातून जे टिपतात ते इतकं बारीक असतं, की जवळपास कोणी मोबाइल चालू केला तरी सगळं वाहून जातं. म्हणून इथे मोबाइल नाही, मायक्रोवेव्ह नाही, पेट्रोलवरची गाडीसुद्धा नाही, कारण तिच्या ठिणगीचाही गोंगाट आमच्या आकड्यांत उमटतो. वायरचा एक फोन आहे, तो साहेबांच्या टेबलावर. त्यावर घरचं बोलायला लागलं की सगळं ऑफिस कान टवकारून बसतं. तेव्हा आठवड्याची डिझेल जीप आणि ही पत्रं, एवढंच आपल्या नशिबात.

आता खरं लिहितो. आईला माझा एवढा राग आलाय का गं?

सुट्टीभर तिने माझ्याकडे बघितलं नाही. बोलली, वाढलं, माझ्या अंगावर पांघरूण घातलं, सगळं केलं. पण मी समोर बसलो की मान वळवायची. मी बोलत राहायचो आणि ती माझ्या कानापलीकडच्या कपाटाकडे बघत हं हं करायची. निघताना दारात आली, तेव्हाही दाराच्या बिजागरीकडे बघून म्हणाली, "नीट जा." मला म्हणाली की बिजागरीला, तेच कळेना.

बाबा गेले आणि वर्षाच्या आत मी ही नोकरी धरून इतक्या लांब आलो, ते तिला आवडलं नव्हतं, हे मला माहीत आहे. पण राग आला असेल तर तिने रागवावं ना. भांडी आपटावीत. हे तोंड फिरवणं मला सहन होत नाही.

आणि नेमकं आत्ताच साहेबांनी विचारलंय. समुद्रापलीकडे नव्या तबकड्या उभ्या राहतायत, तिथे तीन वर्षं जाशील का? मध्ये रजा नाही. मार्च संपायच्या आत सही करून द्यायची. आई नको म्हणाली तर मी जाणार नाही, ताई. खरंच नाही जाणार. पण तिने माझ्याकडे बघून तसं म्हणायला हवं.

सोबत निळा स्वेटर पाठवतोय. कुंपणाच्या तारेत अडकून कोपरावर फाटला. तुझ्या मशीनखाली घालू नकोस, आईलाच दे. शहरभरच्या लोकांचे कोट तिने रफू केले, मुलाचा एक स्वेटर करेल.

तुझा,
घुबड्या

२३ जानेवारी

चि. घुबड्यास अनेक आशीर्वाद (मोठी बहीण आहे, द्यावे लागतात),

राग? कसला राग? आईने रागवावं एवढा मोठा तू कधी लागून गेलास? तिची मान अवघडते हल्ली. आणि कपाटाकडे बघत असेल तर बरोबरच आहे, कपाट तुझ्यापेक्षा देखणं आहे.

तुझ्या त्या सहीबद्दल सांगितलं तिला. ती म्हणाली, "मी त्याच्या पायात पाय घालणार नाही. त्याचं त्याने ठरवावं." झालं, एवढंच. मी काय म्हणते ते विचारू नकोस. संध्याकाळी दुकान बंद केलं की मी तुझ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवते, कारण ती रिकामी बघवत नाही. याचा काय अर्थ लावायचा तो लाव.

दुकान बरं चाललंय. काम सगळं मीच करते. आई पुढे बसते, गिऱ्हाइकांशी गप्पा मारते, बटणांचे आकार चाचपून डब्यांत टाकते. दुपारी टीव्ही लावते आणि त्याच्याकडे पाठ करून ऐकते. वाचायचाही कंटाळा आलाय म्हणे, तेव्हा तुझी पत्रं मीच मोठ्याने वाचते. म्हणून जरा अक्षर सुधार, वाचताना माझी फजिती होते.

तिने तुला एक प्रश्न विचारलाय. तिच्याच शब्दांत लिहिते: "त्याला विचार, एखादी वस्तू आहे, तिथल्या तिथे आहे, आणि तरी दिसत नाही, असं त्याच्या शास्त्रात कशाकशामुळे होतं?" मी म्हटलं, हे कशाला हवंय तुला? तर म्हणाली, मुलगा न दिसणाऱ्या गोष्टींचा पगार घेतो, आईला विचारायची चोरी आहे का?

तेव्हा लिही. साधं लिही, भाषण नको.

ताई

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आईने माझ्या कामाबद्दल काही विचारलं, हे पहिल्यांदाच. पत्र मी खिशात घालून फिरत होतो. आमचा स्वयंपाकी, ज्याला मिशांमुळे सगळे कर्नल म्हणतात, त्याने विचारलं, लग्न ठरलं का काय?

तर आईला सांग. वस्तू न दिसण्याची कारणं बरीच आहेत. ती फार लांब असते, किंवा फार बारीक. कधी उजेडच इतका असतो की दिसत नाही. भर दुपारी डोक्यावर तारे असतातच, जागा सोडून कुठेही गेलेले नसतात. आम्ही ज्याच्या मागे आहोत तो तर उजेडाचाच एक प्रकार, पण तो टिपायची सोय आपल्या डोळ्यांत नाही. म्हणून एवढाल्या तबकड्या.

मला सगळ्यांत आवडतो तो काचेचा. प्रयोगशाळेत एक काचेची कांडी आहे. ती तेलाच्या बरणीत बुडवली की नाहीशी होते. असते तिथेच, बोटांना लागते. पण त्या काचेतून आणि त्या तेलातून उजेड सारख्याच वेगाने जातो, वाटेत कुठे वळत नाही, आणि डोळ्याला कड म्हणून सापडत नाही. आईचा रफू असाच. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारायचं, "अहो, फाटलं होतं ते कुठे आहे?" आणि ती चष्म्यावरून बघत म्हणायची, "तुम्हीच सांगा." किती रुबाब होता तिचा! मी शाळेतून येऊन दप्तर न काढता ते बघत उभा राहायचो.

बोलण्यातलं न दिसणं मात्र वेगळं. "बरेच दिवसांत दिसला नाहीत," असं आपण कोणाला म्हणतो, तेव्हा तो बिचारा कुठे नाहीसा झालेला नसतो. आपणच त्याच्या वाटेला गेलेलो नसतो. टेबलाशी माणूस ताटकळत असतो आणि कारकून मान वर करत नाही. डोळेझाक करणं म्हणतो, डोळ्यांसमोर नको म्हणतो. शास्त्रात न दिसण्याचा दोष वस्तूचा नाहीतर उजेडाचा. बोलण्यात तो नेहमी बघणाऱ्याचा.

समोर बसलेला मुलगा आईला दिसू नये, याचं कारण मात्र आमच्या शास्त्रात मला सापडलं नाही. ते तिलाच विचार.

स्वेटर झाला का? इथे वारा झोंबतो.

घुबड्या

१९ फेब्रुवारी

घुबड्या,

तुझं पत्र दुकानात बसून वाचलं. रफूचं आलं तेव्हा आई इतकी हसली की बटणांचा डबा मांडीवरून उपडा झाला. "तुम्हीच सांगा" हे दोनदा वाचायला लावलं.

शेवटचं ते वाक्य मी गाळलं होतं. पण मी थांबले ते तिला कळलं. "अडलीस का? काय लिहिलंय ते वाच." वाचलं. मी बटणं गोळा करत होते. शेवटी म्हणाली, "चांगलं लिहितो. पण एक प्रकार राहिला त्याचा." कुठला, ते सांगेना. मी म्हटलं, मी लिहू का? तर एकदम कडाडली, "काही लिहायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." तेव्हा विचारू नकोस.

त्यानंतर म्हणाली, "तो स्वेटर आण. आणि मला सुई ओवून दे."

स्वेटर या पत्राबरोबर येतोय. सगळा तिनेच केलाय, माझा हात लागलेला नाही. मी मदत करू म्हटलं तर बोट टोचून घेतलं पण दिला नाही. किती दिवस घेऊन बसली होती. नावं ठेवू नकोस. ठेवलीस तर माझ्याशी गाठ आहे.

घरी कधी येतोस? सही करायच्या आत ये. एकदा ये आणि मग काय ते ठरव.

ताई

९ मार्च

ताई,

स्वेटर मिळाला.

तू आधीच बजावलं होतंस, म्हणजे तुलाही दिसलं असणार. निळ्या स्वेटरवर करडी लोकर. कोपरावर गोळा झालाय, टाके एकमेकांवर चढलेत, एका बाजूने सगळं ओढलं गेलंय. कर्नलने बघितलं आणि विचारलं, हे तूच शिवलंस का रे? मी हो म्हटलं. आईचं नाव सांगवेना.

जिचा रफू भिंग लावून सापडायचा नाही, तिने मला हे पाठवावं? परक्या माणसाच्या कोटाला ती रंग जुळवत अख्खी दुपार घालवायची. मुलाच्या वेळी हाताला लागला तो दोरा घेतला आणि उरकून टाकलं. माझ्याकडे बघायचं नाही म्हणजे माझ्या कपड्याकडेही बघायचं नाही, असंच ना?

मी समजायचं ते समजलो. मी सही केली. कालच्या जीपने कागद गेला. मेमध्ये इथूनच निघेन, घरी येऊन पुन्हा त्या बिजागरीचा निरोप घ्यायची ताकद माझ्यात नाही.

तुझ्यावर राग नाही.

घुबड्या

१७ मार्च

गाढवा,

काय हे केलंस? काय करून बसलास? पत्र वाचून मी दुकानाचं शटर ओढलं आणि आत बसून रडले. गिऱ्हाईक बाहेरून ठोकत होतं, ठोकू दिलं.

तुला सांगण्यासारखं खूप आहे आणि तोंडाला कुलूप आहे. शपथ मोडायची नाही एवढंच बाबांनी शिकवलं, नाहीतर आत्ता सगळं ओकले असते. तू आकाशातलं काय काय शोधून काढतोस, घरातलं जरा शोध. डोकं आहे ना तुला? वापर.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. कोरा कागद धरला तरी चाललं असतं, पण तुझाच धरला आणि मनाने वाचलं. स्वेटर मस्त झाला, उबदार आहे, साहेबांनीसुद्धा विचारलं कोणी केला म्हणून. ती ऐकत होती. मग हळूच विचारलं, "रंग जुळला का गं? नीट विचार त्याला."

मी म्हटलं, जुळला म्हणतोय.

आता तूच सांग, मी काय करू?

ताई

३ एप्रिल

प्रिय ताई,

आईला दिसत नाही.

नको, तू उत्तर देऊ नकोस, शपथ मोडू नकोस. मीच सांगतो, तू फक्त ऐक.

तुझं पत्र आलं आणि त्यातलं "रंग जुळला का" हे माझ्या डोक्यातून जाईना. ज्या बाईला दोन काळ्यांमधला फरक दारातून कळायचा, ती दुसऱ्याला रंग का विचारते? तरीही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. मी खरंच गाढव आहे. पडला तो कर्नलमुळे.

पाहुण्यांसाठी व्हरांड्यात एक छोटी साधी दुर्बीण आहे, डोळ्याने बघायची. काल संध्याकाळी अंधार पडल्यावर कर्नल हात पुसत आला आणि म्हणाला, इतकी वर्षं तुमचं पोट भरतोय, मला एकदा काहीतरी दाखवा. मी त्याला एक पुसट ढगासारखा ठिपका लावून दिला, लांबच्या ताऱ्यांचा पुंजका. तो म्हणाला, काळोख आहे, काही नाही. मी नेहमीचं सांगितलं, जे प्रत्येक पाहुण्याला सांगतो: "सरळ त्याच्याकडे बघू नका. जरा बाजूला बघा, मग दिसेल." कमी उजेडात डोळ्याची मधली जागा आंधळी असते, कडेची जागी असते.

कर्नलने मान थोडी वळवली. हनुवटी खांद्याकडे, नजर भलतीकडेच. आणि म्हणाला, "हां, आला! आला बघा!"

ताई, ती आईची मान होती. अगदी तशीच. मग एकेक करून सगळं आठवलं. टीव्हीकडे पाठ. बटणं चाचपून. सुई ओवून दे. पत्र तू वाचतेस. सुट्टीत मी दिलेला कप तिने आधी टेबलावर बोटं फिरवून शोधला होता, आणि मला वाटलं होतं, माझ्या हातातून घ्यायचाही नाही तिला.

मधली नजर गेलीय ना तिची? ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जातं, आणि कडेचं राहतं. हाच तो प्रकार, जो मी सोडला. वस्तू आहे, उजेड आहे, बघणाऱ्याचं मनही आहे, आणि तरी दिसत नाही. मी बघणाऱ्याला दोष देऊन मोकळा झालो. आणि ते तू तिला मोठ्याने वाचून दाखवलंस.

ती तोंड फिरवत नव्हती. सुट्टीभर ती माझ्याकडेच बघत होती, ताई. कपाटाकडे बघत होती म्हणजे मला बघत होती. बिजागरीकडे बघत होती म्हणजे मला बघत होती. आणि मी पाठ फिरवून गाडीत बसलो.

आज सकाळी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. कागद पुढे गेलाय, नाव लागलंय, आता मागे घेता येत नाही म्हणाले. खूप गयावया केली. शेवटी जाण्याची तारीख पुढे ढकलून दिली आणि म्हणाले, मे आणि जून घरी राहा. तीन वर्षांना दोन महिने. एवढंच मिळवू शकलो.

स्वेटर अंगात आहे. उन्हातसुद्धा काढवत नाही. तो गोळा झालेला कोपर सारखा हाताला लागतो.

मी तिला काय लिहू? कसं लिहू?

घुबड्या

१४ एप्रिल

माझ्या शहाण्या घुबड्या,

सुटले रे बाबा! शपथ मोडली नाही आणि सगळं बाहेरही आलं.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. आधी म्हणाली, "तू सांगितलंस." मी म्हटलं, आकाशाने सांगितलं, जा त्याच्याशी भांड. मग पुढचं वाचलं. "मला बघत होती" इथे आले तेव्हा माझा आवाज गेला. ती म्हणाली, "थांब, घाई नाही." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

तू येण्याच्या आधीच्या पावसाळ्यात सुरू झालं. आधी दोरे चुकायला लागले, मग सुईचं भोक, मग माणसांची तोंडं. डॉक्टर म्हणाले, मधलं गेलं ते गेलं, कडेची नजर राहील. तुला कळवू म्हटलं तर शपथ. "तो सगळं टाकून येईल आणि मग माझ्याकडे बघून आयुष्यभर हळहळेल." तू आलास तेव्हा तुला कळू नये म्हणून तिने आठवडाभर आधी घरात डोळे मिटून चालायची सवय केली होती. आणि ती सवय इतकी चांगली झाली की तू फसलास. तुला काय, मलाही कधीकधी फसायला होतं.

स्वेटरचं खरं सांगावं लागलं. करडा दोरा मीच दिला असं म्हणणार होते, पण तिने दोऱ्यांचा डबा स्वतः उघडला होता, ते तिलाही माहीत आहे. मग म्हणाली, कागद घे, मी सांगते तसं लिही, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. तर हे पुढचं तिचं आहे, मी फक्त हात.

राजा,

तुझी बहीण खोटं वाचते, ते मला तेव्हाच कळलं होतं. तू स्वतःहून कधी कशाला मस्त म्हणत नाहीस.

रंग चुकला. टाकेही चुकले असतील. बोटांना वाटलं होतं, जमलंय. उसवून परत करून घेऊ नकोस. आयुष्यभर न दिसणारी कामं केली, एक दिसतंय तर दिसू दे.

सही केलीस ते बरं केलंस. मला चालेल का? नाही चालणार. मला तू रोज हवा आहेस. पण तू जा. हे दोन्ही खरं आहे आणि मी आता दोन्ही सांगते, कारण लपवून काय झालं ते बघितलं.

एक गोष्ट मला फार टोचते. तुझं तोंड मला नीट आठवत नाही. तू आलास तेव्हा बघायचा खूप प्रयत्न केला, पण तू सारखा समोर येऊन बसायचास. मी जरा मान वळवून तुला कुठेतरी पकडावं, की तू लगेच उठून पुन्हा समोर यायचास, मी तुझ्याकडे बघावं म्हणून. कान तेवढा पाठ झाला. अगदी बाबांचा कान आहे.

दोन महिने पुरतील. तुझ्या खुर्चीवरचे कपडे उचलायला हिला सांगितलंय. खुर्ची माझ्या डाव्या हाताला, खिडकीच्या अलीकडे ठेवली आहे. आलास की माझ्या समोर बसू नकोस. तिथे बस आणि उठू नकोस. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसेन.

आई